फुलपाखराचा डोळा शार्प का येत नाही? कोल्हापूर परिसरात फोटो काढणाऱ्यांसाठी धागा

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. पन्हाळा, कात्यायनी आणि विद्यापीठाच्या मागच्या माळावर फुलपाखरांचे फोटो काढतोय. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, लेन्स ५५-२५०. अडचणी तीन आहेत.

पंख शार्प येतो पण डोळा मऊ राहतो, किंवा उलटं होतं. पांढरी आणि पिवळी पाखरं जळून कोरी दिसतात. आणि मी चार फुटांवर पोचेपर्यंत पाखरू उडालेलं असतं.

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं चित्र देणारी) घेतल्याशिवाय हे सुटणारच नाही का? आणि नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यात कुठं, किती वाजता जावं? नेमकं सांगा. "सरावानं येतं" हे उत्तर आधीच मिळालंय.

कारवी

लेन्सचं नंतर बघू. तिसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, कारण ती सुटली की पहिली निम्मी सुटते.

पाखराच्या मागं जाणं बंद करा. मागं धावून काढलेल्या फोटोत पाखराची पाठ येते, शेपूट येतं किंवा रिकामं फूल येतं. जिथं ते परत येणार आहे तिथं आधी जाऊन बसायचं. त्यासाठी कुठल्या जातीची कसली सवय आहे ते ठाऊक पाहिजे.

पॅन्सी गटातली फुलपाखरं (लेमन पॅन्सी, ब्लू पॅन्सी, पीकॉक पॅन्सी) आणि ग्रेट एगफ्लायचा नर जागा धरून बसतात. उडाली तरी पुष्कळदा दोन-तीन मिनिटांत त्याच दगडावर किंवा त्याच काडीवर येतात. ते उडालं की जागेवरच गुडघा टेका, त्या काडीवर फोकस लावून ठेवा आणि थांबा. परत आल्यावर तुम्ही आधीपासून तिथं असता, हालचाल नसते, म्हणून ते बसतं. फुलपाखराच्या संयुक्त डोळ्याला बारीक तपशील फारसा कळत नाही, हालचाल मात्र लगेच कळते. रंगीत शर्टानं जितकं नुकसान होत नाही तितकं एकदम हात उचलल्यानं होतं. कॅमेरा डोळ्याला लावूनच पुढं सरका, शेवटच्या क्षणी वर उचलू नका.

दुसरी गोष्ट सावलीची. सकाळी पंख पसरून ऊन खात बसलेल्या पाखरावर तुमची सावली पडली की ते गेलंच. उडायला त्याचं छातीचं अंग तापलेलं लागतं, ते साधारण तीस अंशांच्या पुढं गेलं की उड्डाण जमतं. म्हणून थंडीत साडेसात ते साडेनऊ हा वेळ सोन्यासारखा असतो: पाखरू बाहेर आलेलं असतं पण पूर्ण तापलेलं नसतं. त्या वेळात सूर्य तुमच्या खांद्याच्या बाजूला ठेवा. थेट पाठीशी घेतला तर तुमचीच सावली पुढं पडते.

सरावासाठी टॉनी कोस्टर, प्लेन टायगर आणि कॉमन क्रो घ्या. ही अंगात विष बाळगणारी फुलपाखरं. पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, म्हणून ती सावकाश उडतात आणि माणसालाही जवळ येऊ देतात. नवाब, बॅरन असली खाण्याजोगी मंडळी फार सावध असतात, त्यांच्यापासून सुरुवात करू नका. प्लेन टायगर शोधायला लांब जायला नको. माळावर रुई दिसली की तिच्या दहा-पंधरा पावलांत तो दिसेलच, कारण त्याचा सुरवंट रुईची पानं खातो.

एफ_अकरा

कारवी यांनी जागा सांगितली, मी काचेचं सांगतो. पंचगंगाकाठ, तुमचा डोळा मऊ का येतो हे गणितात बघू, म्हणजे मनातून भीती जाईल.

२५० वर सगळ्यात जवळ फोकस केल्यावर तुमच्या लेन्सला साधारण ०.२९ पट वर्धन मिळतं (सेन्सरवरचं चित्र प्रत्यक्षाच्या ०.२९ पट). म्हणजे जवळपास ८० मिमी रुंदीचं दृश्य पूर्ण फ्रेममध्ये बसतं. एवढ्या वर्धनाला एफ ८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) पुढं-मागं मिळून शार्प पट्टा असतो फक्त पाच मिमीचा. आता ४० मिमी लांबीचा पंख सेन्सरच्या समांतर न राहता सात अंशांनी तिरका झाला, तर त्याच्या दोन टोकांतलं अंतर सेन्सरपासून मोजलं तर जवळपास पाच मिमी भरतं. झाला पट्टा खर्च. सात अंश म्हणजे घड्याळातल्या सव्वा मिनिटाएवढा कोन, नजरेला तो कळतसुद्धा नाही.

म्हणून मिटल्या पंखांच्या पाखराला बाजूनं घ्यायचं आणि सेन्सरची पाटी पंखाला समांतर ठेवायची. पंखाचं टोक, डोळा आणि मागच्या पंखाची कड ही तीन ठिकाणं तुमच्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, एवढंच व्ह्यूफाइंडरमध्ये तपासा. नसतील तर कॅमेरा वळवू नका. स्वतः पाऊलभर डावी-उजवीकडे सरका. नुसता कॅमेरा फिरवला तर फ्रेम बदलते, कोन तितकाच चुकीचा राहतो. पंख उघडे असतील तर वरून, पाठीच्या समांतर. आणि सगळं बसणारच नसेल तर डोळा धरा. मऊ पंख चालतो, मऊ डोळा चालत नाही.

मॅक्रो लेन्स लगेच घ्यायची गरज नाही. आहे त्या लेन्सच्या तोंडावर दोन डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप), दोन भिंगं जोडलेली क्लोज-अप लेन्स बसवा. एकाच भिंगाच्या स्वस्त क्लोज-अप फिल्टरनं कडांना जांभळ्या रेषा येतात, ते घेऊ नका. हिशोब सोपा आहे: लेन्स अनंतावर ठेवली तर वर्धन म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले डायॉप्टर भागिले हजार. २५० × २ ÷ १००० = ०.५ पट. आणि कामाचं अंतर १००० ÷ २ = ५०० मिमी, म्हणजे क्लोज-अप लेन्सपासून अर्धा मीटर. एवढ्या अंतरावरून ग्रास यलो सहज भरते आणि उडतही नाही.

याउलट १०० मिमीची मॅक्रो १:१ ला (म्हणजे सेन्सरवर प्रत्यक्षाएवढं चित्र) नेली तर लेन्सच्या तोंडापासून पाखरू जेमतेम १३-१४ सेंमीवर येतं. लेन्सची सावली, हूडचा धक्का, हाताचा वास, सगळंच जवळ. आठ डायॉप्टरचं रेनॉक्स २५० हे क्लोज-अप भिंग लावलं तर अंतर साडेबारा सेंमी. हे कोष, अंडी, सुरवंट यांच्यासाठी उत्तम आहे, भर दुपारच्या फुलपाखरासाठी नाही.

एक्सटेन्शन ट्यूबचं (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) वाढीव वर्धन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. २५ मिमीची ट्यूब ५० च्या लेन्सवर अर्धा पट वाढवते, २५० वर फक्त ०.१. म्हणून लांब लेन्सला क्लोज-अप भिंग आणि आखूड लेन्सला ट्यूब.

मसाईपठार

फोनवाल्यांसाठी काही? माझ्याकडं तीन लेन्सचा फोन आहे. मॅक्रो मोड लावला की चित्र वाकडं येतं आणि पाखरू उडतं.

एफ_अकरा

मॅक्रो मोड बंद करा. बहुतेक फोनमध्ये तो अल्ट्रावाइड लेन्सवर चालतो, दोन-चार सेंमीवर जावं लागतं. तेवढ्या जवळ फोनचीच सावली पाखरावर पडते, आणि अल्ट्रावाइडमुळं जवळचं डोकं मोठं आणि पंख आखूड दिसतात. टेलिफोटो लेन्स निवडा. फोकस लागत नसेल तर जवळ न जाता मागं सरका, लागेपर्यंत. अंधार असला किंवा फार जवळ गेलं की काही फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जाऊन चित्र नुसतं मोठं करून दाखवतात. टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवून बघा, पडदा काळा झाला नाही तर तो फोटो टेलिफोटोतून येतच नाही. पाखरावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, उजेडाची पट्टी जरा खाली ओढा आणि बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो).

भुरुंडी

जागा आणि झाडं याबद्दल मी लिहिते.

नोव्हेंबरात दोन वेगळे कार्यक्रम करा. सकाळी माळ, दुपारी ओढा.

माळावर दगडी पाला (काही जण एकदांडी म्हणतात) फुललेला असतो. त्याच्या छोट्या पिवळ्या फुलांवर ग्रास ब्लू, पॅन्सी, स्किपर असतात. फूल जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे कॅमेराही तितकाच खाली पाहिजे. उभं राहून वरून घेतलं तर मागं माती आणि काड्यांचा गोंधळ येतो. कोपरं टेकून घेतलं तर मागचं गवत वीस-तीस फूट लांब जातं आणि पार्श्वभूमी सायीसारखी मऊ येते. गुडघ्याखाली जुनी योगा मॅट कापून घ्या, कुसळं फार असतात.

घाणेरीवर मोठी पाखरं येतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण घाट भागात दिंडा फुलला असेल तर घाणेरी सोडून त्याच्याजवळ बसा. छोट्या पांढरट-हिरव्या फुलांचा गुच्छ असतो, दिसायला साधा, पण त्यावर एकाच वेळी क्रो, टायगर, स्वॅलोटेल सगळे येतात. तो पावसाळ्यात फुलतो. पाऊस सरल्यावर भुरुंडी आणि घागरी (शेंगा खुळखुळतात ती) बघा. त्यांच्या सुकत चाललेल्या पानांवर आणि देठांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, क्रो यांचे नर पायांनी खरवडत, सोंड लावून बसलेले असतात. त्या रसातल्या अल्कलॉइडपासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. तिथं बसलेला नर इतका गढलेला असतो की अर्ध्या फुटावर लेन्स आली तरी हलत नाही.

आता ओढा. साडेदहा ते दीड या वेळात, ऊन थेट पडतं अशी ओली वाळू किंवा चिखल शोधा. गुरं पाणी प्यायला येतात ती जागा सगळ्यात चांगली. चिखलपान करतात ते बहुतेक नरच. त्यांना पाण्यापेक्षा त्यातलं सोडियम पाहिजे असतं. कॉमन ब्लूबॉटल, कॉमन जे, ग्रास यलो, कॉमन गल यांचे घोळके बसतात. जवळून बघा: ब्लूबॉटल सोंड वाळूत रोवून एकसारखं ओढत असतो आणि दर काही सेकंदांनी पोटाच्या टोकातून पाण्याचा स्वच्छ थेंब मागं फेकतो. क्षार ठेवून घेतो, पाणी टाकून देतो. तो थेंब फोटोत पाहिजे असेल तर बाजूनं, उजेडासमोर अंधारी पार्श्वभूमी ठेवून, १/१००० सेकंदापेक्षा वेगवान शटर लावा आणि लयीचा अंदाज घेऊन बर्स्ट सोडा.

घोळक्याजवळ उभ्यानं जाऊ नका, पूर्ण घोळका उठतो. दहा-बारा फुटांवरून बसून किंवा पालथं पडून सरका. एक-दोन पाखरं उठली की थांबा. ती परत बसली की मग पुढचा हातभर. या सरकण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात, ती द्यावी लागतात.

आणि ओल्या वाळूत पाय टाकण्याआधी खाली बघा. पंख मिटून बसलेली छोटी ब्लूज वाळूच्या रंगात मिसळतात, पायाखाली जातात.

शाहूपुरी

गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झालाय, मग काकवी वापरा की! जास्त पिकलेली दोन केळी, दोन चमचे काकवी, कुस्करून दोन दिवस झाकून ठेवायची, आंबूस वास आला की झाडाच्या खोडावर छातीच्या उंचीला फासायची. कॉमन इव्हिनिंग ब्राउन, बॅरन, नवाब फुलांवर फारसे येत नाहीत, पण यावर येतात. घरच्या बागेत, उसाच्या बांधावर चालतं. जमिनीवर ठेवली तर मुंग्या लागतात आणि पाखरू बसत नाही. खोडाला वर-खाली पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं तर मुंग्या बऱ्याच अडतात.

कारवी

शाहूपुरी, बागेत आणि बांधावर ठीक. पण हे वाचून कुणी दाजीपूरला डबा घेऊन जाऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो: अभयारण्यात कुठलंही खाद्य टाकायचं नाही. केळ्याच्या वासावर माकडं आणि अस्वलंही येतात, त्यांना माणसाच्या वाटेची सवय लागते. राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी ओळखलं जातं, तिथं पालथं पडून चिखलाकडं सरकताना मागं गवा उभा असणं अशक्य नाही. वनखात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक गाईड, दोन्ही घ्या. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा.

घाटात ब्लू ओकलीफ हवं असेल तर डिंक गळणारं झाड किंवा खाली पडून आंबलेली रानफळं शोधा, ते आपणहून तिथं येतं. पंख मिटले की वाळकं पान. मधली शीर, देठ, बुरशीचे ठिपके सगळं हुबेहूब. त्याचा सुरवंट कारवीच्या कुळातल्या झुडपांवर वाढतो, म्हणून कारवीचं रान आणि ओढा जिथं जवळ आहेत तिथं वेळ द्या.

आणखी एक. पाखरू पकडून, फ्रीजमध्ये गार करून, मग फुलावर ठेवून फोटो काढायचा प्रकार काही ठिकाणी चालतो. गारठलेलं पाखरू ओळखू येतं: पाय फुलाला नीट धरत नाहीत, अँटेना खाली पडलेल्या असतात, ज्या फुलावर ती जात कधी जात नाही तिथं बसलेलं असतं. त्यात पाखरू मरतं. शिवाय अनेक जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत, त्यांना पकडणं हा गुन्हा आहे. असे फोटो इथं टाकू नयेत.

शाहूपुरी

मान्य. काकवी घराजवळच.

गगनगिरीवाट

गगनबावडा, आंबा, दाजीपूर इथं जाणाऱ्यांसाठी दमट हवेचं लिहितो, कारण फोटो बिघडण्याचं निम्मं कारण तिथं हवाच असते.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की लेन्सवर बाहेरून आणि कधी आतूनही धुकं चढतं. पुसू नका, पुसल्यावर परत चढतं आणि ओरखडे पडतात. शेवटचे वीस मिनिटं एसी बंद करून काचा उघड्या ठेवा, बॅग बंदच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

घरी आल्यावर बॅगेतच कॅमेरा ठेवणं हे बुरशीला आमंत्रण. हवाबंद डबा, त्यात निळी किंवा नारिंगी सिलिका जेल, २०० ग्रॅम पुरे. रंग उतरला की कढईत मंद आचेवर परतून परत वापरता येते, पण खाण्याची कढई वापरू नका. डब्यात साधा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५० टक्के ठीक. ६५ च्या वर आठवडे राहिलं की बुरशी धरते, ३० च्या खाली फार दिवस राहिलं तर रबर आणि वंगण सुकतं.

जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे लीच सॉक्स, पँट आत खोचून. तंबाखूचं पाणी सॉक्सवर शिंपडतात, चालतं, पण तो हात लेन्सला किंवा सुरवंटाला लावू नका. निकोटिन कीटकांना मारतं.

सावलीच्या रानात भर दुपारीसुद्धा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० लागतो. तिथं फ्लॅश वापरा, पण उघडा नको. उघड्या फ्लॅशनं खवल्यांवर चमकीचा ठिपका पडतो आणि मागचं रान काळं होतं. डिफ्यूझरसाठी स्टेशनरीच्या दुकानातली दोन मिमी जाडीची पांढरी फोमशीट, ए४ आकाराची. फ्लॅशच्या डोक्याला वेल्क्रोनं पन्हाळीसारखी बांधा, पुढं लेन्सच्या तोंडापर्यंत वाकवा, समोरच्या तोंडाला ट्रेसिंग पेपरचे दोन थर. पाखराकडून बघितलं तर उजेडाची खिडकी मोठी आणि जवळ दिसली पाहिजे, एवढंच तत्त्व. हीच शीट चार फूट लांब गेली की लहान झाली, परत कडक सावल्या. फ्लॅश टीटीएलवर (उजेड किती हे कॅमेराच ठरवतो), भरपाई (त्यात आपण केलेली कमी-जास्त) उणे १ ते उणे १.७, शटर १/२००, आयएसओ ८०० ते १६०० म्हणजे मागच्या रानाचा उजेडही येतो.

पंचगंगाकाठ

खूप माहिती मिळाली. समांतर कोनाचं कालच्या जुन्या फोटोंवर तपासलं, तंतोतंत तेच दिसलं. आता पांढऱ्या पाखरांचं सांगा. भरपाई उणे करावी म्हणतात आणि काही जण अधिक म्हणतात. नक्की काय?

एफ_अकरा

दोघंही बरोबर, पाखरू फ्रेम किती व्यापतं त्यावर आहे.

कॅमेऱ्यातला मीटर (उजेडमापक) दृश्याची सरासरी काढून ते मध्यम करड्यावर आणतो. गर्द हिरव्या झुडपापुढं छोटा पायोनियर किंवा जेझेबेल बसला असेल तर फ्रेमचा बहुतेक भाग गडद, मीटर सगळंच उजळवतो, पांढरा पंख जळतो. तिथं उणे १. पण तोच पायोनियर फ्रेमभर आला तर मीटरला सगळं उजळ दिसतं, तो काळवंडवतो. तिथं अधिक ०.७. क्रो किंवा मॉरमॉनसारख्या काळ्या पाखराला फ्रेमभर घेतलं तर मीटर काळ्याचं राखाडी करतो, म्हणून उणे ०.७.

शॉट घेतल्यावर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा, उजव्या भिंतीला टेकला असेल तर तपशील गेला. पिवळ्या पाखरांत एक खोड आहे: लाल रंगाची वाहिनी आधी जळते आणि एकत्रित आलेखात ते दिसत नाही. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवायची सोय चालू करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा.

मॅन्युअल मोड, एफ ८, १/५०० आणि ऑटो आयएसओ, ही माझी उन्हातली सुरुवात. स्वॅलोटेल फुलावर बसल्यावरही पुढचे पंख फडफडवत राहतात, त्यांना १/१६०० तरी हवं. एफ १६ च्या मोहात पडू नका. १:१ ला एफ १६ चा परिणाम एफ ३२ सारखा होतो आणि विवर्तनानं (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यानं) सगळंच मऊ पडतं.

भुरुंडी

फोटो सुंदर येणं आणि फोटोवरून जात ओळखता येणं यात फरक आहे, आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून कुठली बाजू घ्यायची ते सांगते.

ग्रास ब्लूजची ओळख मागच्या पंखाच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरून होते. वरून काढलेला निळा फोटो ओळखीला जवळपास निरुपयोगी. आधी मिटल्या पंखांचा एक फोटो घेऊन ठेवा, मग उघडण्याची वाट बघा. ग्रास यलो आणि एमिग्रंट तर बसल्यावर पंख उघडतच नाहीत, वरची बाजू उडतानाच मिळते, त्यासाठी तासभर घालवू नका. क्रो गटात उलट आहे. डबल ब्रँडेड क्रोच्या नराच्या पुढच्या पंखावर, वरच्या बाजूला, दोन आडव्या पट्ट्या असतात, म्हणून तिथं उघडे पंख लागतात.

कॉमन मॉरमॉनची मादी एका रूपात कॉमन रोजसारखी आणि दुसऱ्या रूपात क्रिम्सन रोजसारखी दिसते. पंखावरून गोंधळ होतो. शरीर बघा: रोजचं शरीर लाल, मॉरमॉनचं काळं. म्हणजे फोटोत पोट झाकलं जाता कामा नये. तसंच डॅनाइड एगफ्लायची मादी प्लेन टायगरची नक्कल करते. मागच्या पंखाच्या मध्यावर टायगरला तीन-चार काळे ठिपके, एगफ्लायच्या मादीला पुढच्या कडेला एकच. मागचा पंख पुढच्या पंखाखाली दडला असेल तर थांबा, पाखरू सरकलं की ठिपके उघडे पडतात.

आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (राणी पाकोळी, २०१५ पासून) शहरातल्या बागांतही येतं. लिंबू, मोसंबीच्या झाडाभोवती मादी घिरट्या घालताना दिसली की ती अंडी घालायला आलीय. तिच्या मागं फिरू नका. एका कोवळ्या पानावर फोकस ठेवून बसा, ती पोट वाकवून क्षणभर टेकते आणि जाते. १/२००० आणि बर्स्ट, दुसरी संधी मिळत नाही.

एगफ्लायच्या नराचा जांभळा-निळा रंग रंगद्रव्याचा नाही, खवल्यांच्या रचनेचा आहे. एका कोनातून काळा पंख आणि पांढरा ठिपका, दोन पावलं सरकलं की ठिपक्याभोवती निळं कडं पेटतं. ते कडं दिसेपर्यंत अर्धवर्तुळात फिरा.

मसाईपठार

पहाटे दवात बसलेल्या ब्लूजचे फोटो बघितले, डोळ्यापासून पंखापर्यंत सगळं शार्प. ते स्टॅकिंगनं (वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेले फोटो जोडून एक करणं) करतात ना? दर किती अंतराला फोटो घ्यायचा?

एफ_अकरा

हो. १:१ ला एफ ८ वर शार्प पट्टा ०.६४ मिमी. एकावर एक थोडा चढायला हवा म्हणून ०.४ मिमीची पायरी. मिटल्या पंखांच्या ब्लूचं जवळच्या अँटेनापासून लांबच्या पायापर्यंत अंतर सहा मिमी धरलं तर पंधरा फोटो. ट्रायपॉडवर फोकसिंग रेल लावून, किंवा कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (कॅमेरा आपणच फोकस थोडा थोडा सरकवत फोटो काढतो) असेल तर सगळ्यात लहान पायरीनं.

आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळताना, गवताच्या शेंड्यावर बसायला येणारी ब्लूज शोधून ठेवा, बहुधा डोकं खाली करून बसतात. शेजारी काडी रोवून खूण करा. सकाळी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचा. ऊन पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत अँटेना हलायला लागतात, मग स्टॅक जुळत नाही, कडांना दुहेरी रेषा येतात. वाऱ्यासाठी बारीक बांबूची काडी जमिनीत रोवून, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यानं गवताची काडी त्याला हळूच धरवा. चिमटा पाखरापासून वीतभर खाली. गवत तोडून घरी नेऊ नका.

ब्लूज जागी झाली की मागचे दोन पंख एकमेकांवर घासतात, शेपटीचे बारीक धागे अँटेनासारखे हलतात. भक्ष्य शोधणाऱ्याला मागचं टोक डोकं वाटावं म्हणून. ते सुरू झालं की स्टॅक सोडा आणि १/५०० वर एकेक फोटो घ्या.

पंचगंगाकाठ

रविवारी सकाळी माळ, दुपारी पन्हाळ्याच्या खालचा ओढा ठरवलंय. दोन डायॉप्टरची क्लोज-अप लेन्स मागवली. फोटो आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ) टाकायचे असतील तर निघण्याआधी आणखी काही बघायचं?

भुरुंडी

कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवा, तारीख आणि वेळ दोन्ही. बॅटरी काढल्यावर काही कॅमेरे जुन्या तारखेवर जातात आणि नोव्हेंबरची नोंद जानेवारीत पडते. प्रत्येक जागी पोचल्यावर फोनच्या जीपीएसचा पडदा दिसेल असा एक फोटो कॅमेऱ्यानंच घ्या, म्हणजे त्यापुढचे फोटो त्या जागेचे हे घरी लावता येतं. सदर्न बर्डविंगसारखं काही मिळालं, किंवा सापसंदेच्या वेलावर त्याचे सुरवंट दिसले, तर नोंदीत नेमकी जागा झाकायचा पर्याय निवडा. वेल उपटणारे लोकही त्या नोंदी वाचतात.

पंचगंगाकाठ

घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं मागं होतं. जुळवलं.